गोठ्यातली चावरी माशी

प्रश्न : आमच्या गोठ्यात म्हशींच्या पायांना चावणाऱ्या माश्या घरमाश्यांसारख्याच दिसतात, त्या वेगळ्या कशा ओळखाव्यात?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घरमाशीची मऊ सोंड द्रव शोषण्यापुरतीच असल्याने ती चावू शकत नाही, म्हशींच्या पायांना चावणारी माशी बहुधा स्टोमॉक्सिस असावी, जिचे नर आणि मादी दोघेही रक्त पितात. पाठीवरच्या चार गडद पट्ट्यांवर मात्र विसंबू नये, कारण ते दोघींनाही असतात. मेलेली माशी भिंगाखाली आडवी धरून पाहावी : डोक्याखालून सुईसारखी ताठ, काळी सोंड पुढे आलेली दिसली आणि पोटावर गडद ठिपके असले, तर शंका उरत नाही. पंखाची चौथी शीर घरमाशीत टोकाजवळ एकदम कोनात वळते, हिच्यात ती हलकेच वाकते. पण सोंड दिसल्यावर शिरा तपासत बसण्याचे कारण नाही.