गेल्या वर्षी किती गुणी होता!

दीड ते तीन वर्षांच्या मुलांचे आईबाबा माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य हमखास येतं, ‘मॅडम, गेल्या वर्षी इतका गुणी होता, आता काय झालंय कळत नाही.’ शब्द थोडे इकडचे तिकडे होतात. कुणी ‘हट्टी झालाय’ म्हणतं, कुणी ‘लाडानं बिघडलीय’. यंदा संक्रांतीपासून पाच घरांतून हेच ऐकलं, म्हणून त्यातल्या एका आईची गोष्ट लिहिते. तिची परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मधुरा बँकेत नोकरी करते. मुलगा ईशान, सव्वादोन वर्षांचा. तो सव्वा वर्षाचा झाल्यावर ती पुन्हा कामावर रुजू झाली. दिवसभर त्याच्याजवळ आजी असतात, म्हणजे तिच्या सासूबाई. पहिल्या भेटीत तिनं फोनमध्ये यादीच लिहून आणली होती आणि ती एका दमात वाचली.

‘आम्ही आता जेवतच नाही. वर्षाचे होतो तेव्हा वाटीभर खिमट संपवायचो, आता दोन घास झाले की तोंड फिरवतो. रात्री झोपायला तास लागतो. आजींना मारतो. कपडे घालायचे म्हटलं की नाही, काढायचे म्हटलं तरी नाही. आणि माझ्या नणंदेची मुलगी, आमच्याच वयाची, अख्खं शुभं करोति म्हणते.’

यादी संपली. फोन पर्समध्ये ठेवताना ती खाली बघून म्हणाली, ‘मी बँकेत जायला लागले ना, तिथूनच हे सुरू झालं.’

हे वाक्य यादीत नव्हतं. पण ती ज्यासाठी आली होती, ते तेच होतं.

त्या दिवशी मी त्याला हात लावला नाही. आधी जेवणाचा प्रश्न मोकळा केला, कारण त्यावरून घरात रोज रडारड होत होती. तिच्याकडे लसीकरणाचं कार्ड होतं, वजनं लिहिलेली होती. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होतं आणि उंची साधारण पंचवीस सेंटीमीटरनं वाढते. दुसऱ्या वर्षात मात्र वजन जेमतेम दोन-अडीच किलोनं आणि उंची दहा-बारा सेंटीमीटरनं वाढते. शरीराचा वेग उतरला की भूकही उतरते. ईशानचं वजन वर्षभरात सव्वादोन किलोनं वाढलं होतं. डॉक्टरांनी ‘उत्तम’ म्हणून सांगितलंही होतं. मधुराला ते ऐकू आलं नव्हतं, कारण तिच्या डोळ्यांसमोर अजून ती खिमटाची वाटी होती.

दोन भेटी अशाच गेल्या. ती समजून घेत होती, मान हलवत होती आणि पुढच्या वेळी तीच यादी घेऊन येत होती. हे झालं की मला कळतं, मी माहिती फार देतेय आणि ऐकतेय कमी. मग तिसऱ्या भेटीत मी विचारलं, ‘गेल्या वर्षी गुणी होता म्हणता, तो कसा होता ते मला दाखवता?’

तिनं लगेच फोन काढला. बोरन्हाणाचा व्हिडिओ होता. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर मुकुट. चौदा महिन्यांचा ईशान पाटावर मांडलेल्या मूर्तीसारखा बसलेला. बायका बोरं, चुरमुरे, गोळ्या त्याच्या डोक्यावरून ओततायत, भोवती मुलांची झुंबड उडालीय आणि हा हलत नाही. ‘बघा ना, किती शांत!’ ती म्हणाली.

‘त्याचे डोळे बघा,’ मी म्हटलं.

तिनं पुन्हा लावला. डोळे सगळा वेळ एकाच दिशेला होते, कॅमेऱ्याच्या जरा वर, जिथं ती स्वतः उभी होती. हात मांडीवर घट्ट आवळलेले. ती हळूच म्हणाली, ‘घाबरलाय तो.’

‘घाबरलाय, आणि तुमच्याकडे बघून धीर धरतोय. यंदाचं आहे का?’

यंदाचं दाखवायला ती नाखूश होती. ‘यंदा सगळा गोंधळ झाला, पाहुण्यांसमोर लाज गेली,’ म्हणाली. तरी लावला. यंदा मुकुट पहिल्याच मिनिटाला जमिनीवर. पाटावर बसायचं नाही म्हणून कमान झालेली. मामीनं मापटं उचललं तसा हा ‘नाई! नाई!’ करत उठला, दोन्ही हात त्या मापट्यात घातले आणि ओरडला, ‘मी कलते! मी!’

मागून सगळे हसले. आजींचा आवाज आला, ‘अरे, करते नाही, करतो म्हण!’ त्यानं लक्ष दिलं नाही. मूठभर बोरं घेतली आणि समोरच्या लहानग्या मुलीच्या डोक्यावर ओतली. मग खाली पडलेलं एक बोर उचलून थेट आजीच्या तोंडाशी नेलं.

मी व्हिडिओ थांबवायला सांगितलं. आम्ही तेवढाच तुकडा तीनदा पाहिला.

इतकी वर्षं हे काम करताना मला एका गोष्टीची सवय लागलीय. माणूस काय सांगतो याइतकंच, कुठल्या सर्वनामानं सांगतो ते मी ऐकते. मधुरा पहिल्या दिवसापासून ‘आम्ही’ म्हणत होती. आम्ही जेवत नाही, आम्हाला दात आले, आम्ही रांगलोच नाही, एकदम चाललो. आपल्याकडच्या आया असंच बोलतात आणि ते फार खरंही असतं. पहिलं वर्ष-दीड वर्ष आई आणि बाळ मिळून जणू एकच माणूस असतात. ‘मी वेगळा आहे’ ही जाणीव बाळाला अजून पुरती आलेली नसते. साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान कधीतरी त्याला आरशातलं मूल म्हणजे आपण आहोत हे उमगतं. आधी ते स्वतःचं नाव घेऊन बोलतं, ‘ईशूला पायजे’. मग एक दिवस ‘मी’ येतो. वर्षभरातली सगळ्यात मोठी कमाई ती. वजनकाट्यावर ती दिसत नाही, शुभं करोतिच्या पाठांतरातही नाही.

मी तिला एवढंच म्हटलं, ‘गेल्या वर्षी तो “आम्ही” होता. यंदा “मी” झालाय. तुम्ही मात्र अजून “आम्ही”च म्हणताय.’

ती गप्प झाली. मीही काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, ‘पण “कलते” का म्हणतो तो? मुलगा असून?’

‘घरात “मी करते, मी येते, मी जाते” कोण म्हणतं?’

‘मी.’

‘त्याला स्वतःचं “मी” पहिल्यांदा म्हणायचं होतं, तेव्हा त्यानं शब्द कुणाकडून घेतला?’

तिचे डोळे भरून आले. खूप वेळ रडली ती. ‘मला वाटायचं मी त्याला सोडून गेले,’ म्हणाली. थोड्या वेळानं डोळे पुसून विचारलं, ‘म्हणजे मी घरी असते तरी तो असा वागला असता?’

‘असाच. आणि नसता वागला तर मला काळजी वाटली असती.’

त्या दिवसानंतर यादी आली नाही.

माझा कल कुठे आहे ते सांगून टाकते. एरिक एरिक्सन यांनी १९५० साली बालपणाचे टप्पे मांडले. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची ओढाताण ‘माझं मी करेन’ आणि ‘मला लाज वाटते, मला जमणार नाही’ या दोन टोकांत असते, असं त्यांनी म्हटलंय. मला ते आपल्या घरांत रोज दिसतं. या वयात मूल ‘नाही’ म्हणतं तेव्हा त्याला बऱ्याचदा ती वस्तू नको असते असंही नाही. ‘नाही’ म्हणता येतं का, आणि म्हटल्यावरही आई आईच राहते का, हे ते पाहत असतं. म्हणून ‘शी, बघ सगळे हसतायत तुला’ हे वाक्य घरातून हद्दपार करा, असं मी कळकळीनं सांगते. मुलाची चूक एका दिवसात विसरली जाते, ती लाज राहते.

मधुराच्या घरी आम्ही फार थोडं बदललं. आजींनाही एका भेटीला बोलावलं. त्यांची भीती साधी होती, ‘उपाशी राहिला तर सून काय म्हणेल?’ मग ठरलं की ताटाखाली जुना पेपर अंथरायचा, त्याला त्याचा चमचा द्यायचा, वीस मिनिटांनी ताट उचलायचं आणि मागे घास घेऊन फिरायचं नाही. कपड्यांचं ‘घालायचे का?’ असं विचारायचं नाही, कारण त्याला उत्तर एकच येतं. ‘लाल की निळा?’ विचारायचं. गॅस, जिना, रस्ता, विजेचं बटण इथं विचारणाच नाही, उचलून बाजूला घ्यायचं, तेही न ओरडता. मारायला हात उचलला तर हात धरायचा आणि म्हणायचं, ‘राग आलाय तुला. मारायचं नाही.’ आणि मधुरानं सकाळी मागच्या दारानं गुपचूप निघणं बंद करायचं. रडला तरी चालेल, पण ‘मी जाते, संध्याकाळी येते’ हे त्याला दिसलं पाहिजे. हे तिला सगळ्यात जड गेलं. पहिले आठ दिवस तो दारात लोळला. नवव्या दिवशी बॉल घेऊन आत गेला.

एक गोष्ट मात्र काळजीपूर्वक वाचा. प्रत्येक काळजीला मी ‘वाढच आहे’ असं उत्तर देत नाही. दीड वर्षाचं मूल बोट दाखवून काही मागत किंवा दाखवत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द, हावभाव गमावत असेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी विनामूल्य होते, अंगणवाडीतही चौकशी करता येते. ईशान आजीला बोर भरवत होता, दुसऱ्या मुलीच्या डोक्यावर ओतून तिच्याकडे बघत होता, ‘मी कलते’ हे दोन शब्द जोडत होता. त्यामुळे मी निश्चिंत होते.

मधुरा शेवटची आली ती उन्हाळ्यात. आंब्याचा रस त्यानं स्वतः खाल्ला, कोपरापर्यंत, असं सांगत होती. बोलताना ‘आम्ही’ मध्येच येत होतं, जात होतं. निघताना दारात थांबली.

‘परवापासून “करतो” म्हणायला लागलाय,’ ती म्हणाली. ‘र सुद्धा आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.’ मग जरा थांबून, हसत, पण आवाज कापरा, ‘माझं “कलते” गेलं हो मॅडम.’

मी तिला पुन्हा आत बोलावलं आणि चहा टाकला.