ह्यांना सगळं नीट दिसतंय, मग पडद्याचा स्कॅन कशाला?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, आम्ही दिंडोरीजवळचे, द्राक्षबाग आहे. ह्यांना सहा वर्षं झाली शुगर आहे, वय ४७, गोळ्या चालू आहेत. परवा नाशिकला चष्म्याचा नंबर काढायला गेलो तर तिथल्या डॉक्टरांनी थेंब टाकून पडदा बघितला, म्हणाले तसं काही दिसत नाहीये पण एक ओसीटी अँजिओग्राफी करून घ्या, पडद्यातला रक्तपुरवठा कळेल. अँजिओग्राफी ऐकून हे घाबरलेच, हार्टवाली वाटली. अहो ह्यांना लांबून ट्रॅक्टरची नंबर प्लेट वाचता येते! दीर म्हणतात सगळे पैसे काढायचे धंदे. करायची का? आणि मोटरसायकलवर येऊन जाऊन होईल का?
– एक वाचक, दिंडोरी तालुका

उत्तर : ताई, हिच्यात नळीबिळी काही नाही, सुईसुद्धा नाही. जुनी फ्लुरेसीन अँजिओग्राफी असते, १९६१ पासूनची, तिच्यात हाताच्या शिरेतून पिवळा रंग सोडतात आणि मग दिवसभर लघवी पिवळीजर्द होते, लोक घाबरून फोन करतात. ही तशी नाही. मशीनसमोर हनुवटी टेकवायची, खुणेकडे बघत बसायचं. मशीन त्याच जागेचे उजेडाने पटापट परत परत स्कॅन घेतं, जे हललं नाही तो पडदा, जे हललं ते धावणारं रक्त, आणि त्या फरकावरून बारीक केशवाहिन्यांचा नकाशा तयार होतो.

आता नंबर प्लेटचं. तुमच्या बागेत ड्रीपर चोक झाला तर वेल त्याच दिवशी वाळतो का? पानं हिरवीच दिसतात काही दिवस, तसंच आहे हे. शुगरमुळे केशवाहिन्यांना धरून ठेवणाऱ्या पेशी मरतात, मग एकेक वाहिनी बंद पडते, दुखत नाही आणि नजरही चांगली असते. पडद्यावर लाल ठिपके दिसायच्या आधीच काही जणांच्या स्कॅनमध्ये केशवाहिन्यांची जाळी विरळ झालेली दिसते, पडद्याच्या मधोमध वाहिन्या नसलेला जो रिकामा गोल असतो तो थोडा मोठा झालेला असतो.

पण दीरही अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत बरं का. चुकवायची नाही ती थेंब टाकून केलेली तपासणी, टाइप २ ला निदान झालं तेव्हापासूनच दरवर्षी (सहा वर्षांत परवा पहिल्यांदाच झाली असेल तर त्याबद्दल मी ह्यांना रागावणार आहे). स्कॅन ही वरची गोष्ट. नुसती जाळी विरळ आली म्हणून कोणी लेझर किंवा इंजेक्शन देत नाही, शुगर आणि बीपी आवळून धरायला सांगतात, फार तर पुढची तपासणी लवकर. शिवाय वाहिनी गळत असेल तर ती गळती ह्यात दिसत नाही, आणि रक्त फारच सावकाश चालत असेल तर मशीनला ते बंदच वाटतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, रिपोर्ट वाईट आला तर तुम्ही वेगळं काय करणार? उत्तर पटलं आणि खर्च झेपत असेल तर करा. हात आखडता असेल तर आधी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) करून घ्या.

मात्र डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके तरंगायला लागले किंवा पडदा आल्यासारखं झालं तर त्याच दिवशी नाशिक गाठायचं.

मोटरसायकल नको. थेंबांनी बाहुली मोठी झाली की चार-सहा तास धूसर दिसतं आणि ऊन डोळ्यात खुपतं, एसटीने या नाहीतर चालवणारा कोणी आणा. परवा थेंब टाकल्यावर गाडी कोणी चालवली, तेवढं मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.