ओटू सेन्सर दोन्ही बदलू का?

प्रश्न : माझी २००८ ची पेट्रोल गाडी. चेक इंजिनचा लाइट लागलाय, अ‍ॅव्हरेज पडलंय, स्कॅनला पी०१३५ कोड आला. उद्यमनगरात एकजण म्हणाले दोन्ही ओटू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारे) बदला. काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दादा, दोन्हीची घाई करू नका. हा कोड फक्त कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) आधीच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा, म्हणजे सेन्सर गरम करणाऱ्या वायरिंगचा आहे, मागच्याचा संबंधच नाही. आधी फ्यूज बघा, मग कनेक्टर काढून आत हिरवट गंज चढलाय का बघा, आपल्याकडच्या पावसात हे लई होतं. सगळं ठीक असेल तर गार इंजिनवर हीटरच्या दोन पिनांना मल्टिमीटर लावा, साधारण ३ ते १५ ओहम दाखवायला पाहिजे, काहीच दाखवलं नाही तर हीटर गेला, मग सेन्सर बदलायचाच.

काढताना इंजिन कोमट असू दे, आट्यांवर गंज सोडवायचं तेल मारून थोडं थांबा आणि २२ मिमीचा ओटू सॉकेट वापरा. साध्या पान्यानं जोर लावला की आटे जातात, मग खर्च कुठल्या कुठं जातो. नव्या सेन्सरच्या टोकाला ग्रीस अजिबात लागू देऊ नका, आणि शेवटी कोड क्लिअर करा.