लॅपटॉपमागची माणसं आणि गंजलेले पत्रे

प्रश्न : मुलीला घेऊन मुंबईत काळा घोड्याला गेलो होतो. जहांगीर आर्ट गॅलरीत घाट, घोडे, गणपती पाहून बरं वाटलं. मग कुलाब्यातल्या एका खासगी गॅलरीत शिरलो, तर जमिनीवर गंजलेले पत्रे आणि भिंतीवर पानभर इंग्रजी. टेबलामागच्या मुलीनं मान वर केली, पुन्हा खाली घातली. हे आमच्यासारख्यांसाठी असतं का? — एक वाचक, कल्याण

उत्तर : असतं. तिकीटही नसतं, तेव्हा बिनधास्त जा. पण या दोन जागा मुळातच वेगळ्या रीतीनं चालतात, ते आधी सांगतो. जहांगीर 1952 सालची. तिथं चित्रकार अर्ज करतो, नंबर लागला की दालन भाड्यानं घेतो. मंगळवारी चित्रं लागतात, पुढच्या सोमवारी उतरतात. फ्रेम, वाहतूक, आमंत्रणपत्रिका, सगळा खर्च त्याच्या खिशातून. म्हणून एका दालनात डोळे निवतात आणि शेजारच्या दालनातून दोन मिनिटांत बाहेर पडावंसं वाटतं. मजा अशी की कोपऱ्यात खुर्चीवर कंटाळून बसलेला माणूस बहुधा स्वतः चित्रकारच असतो. त्याच्याशी बोला. ‘याचा अर्थ काय?’ एवढं मात्र विचारू नका. या प्रश्नानं भलेभले गप्प झालेले मी पाहिलेत. ‘हा निळा आधी लावला की शेवटी?’ विचारा, चहा थंड होईपर्यंत बोलेल. (शाळेत चित्रकला शिकवताना मुलांना बोलतं करायला मी हेच करत असे.)

खासगी गॅलरी चित्रकार स्वतः निवडते, त्याचं काम विकून हिस्सा घेते. प्रदर्शन महिना-दीड महिना राहतं. तिथली मंडळी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसतात हे खरं, पण मला ते सोयीचं वाटतं; कुणी मागे मागे फिरत नाही. किंमत हवी असेल तर यादी मागा, घ्यायचं नसलं तरी. चित्राशेजारी लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलं असं समजायचं.

आता पत्रे. भिंतीवरचा मजकूर आधी वाचू नका. त्यातला बराचसा एकमेकांना दाखवायला लिहिलेला असतो, आणि इंग्रजी उत्तम येणाऱ्यांनाही तो पचत नाही. आधी पत्र्यांभोवती फिरा. गंज आपोआप चढलाय की चढवलाय? कडा कापलेल्या आहेत की फाटलेल्या? मुद्दाम वाकून बघावं लागेल असं ते जमिनीवर ठेवलंय का? कल्याणच्या माणसाला गंजलेला पत्रा कुणी समजावून सांगायला नको. एवढं करूनही काही हाती लागलं नाही तर खुशाल बाहेर पडा. फसलेली कामं तिथंही असतात.

तुमच्याच लोकलच्या लाइनीवरचं उदाहरण देतो. ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन व्यवसायानं रेडिऑलॉजिस्ट होते. रुग्णांच्या एक्स-रे फिल्म पाहता पाहता त्यांनी इराणी हॉटेलातला माणूस रंगवला, लोअर परळ रंगवलं, उल्हासनगर रंगवलं. 2019च्या अखेरीस काळा घोड्याजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन लागलं होतं. त्यांच्या चित्रांपासून सुरुवात केलीत तर मुलगीही कंटाळणार नाही. या संग्रहालयाला तिकीट आहे, सोमवारी ते बंद असतं. जिना चढून अगदी वर घुमटाखालच्या दालनापर्यंत जा. बरेच जण खालूनच परततात.

प्रश्न : मुलगी कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. जहांगीरला प्रदर्शन करायचं म्हणते. — एक पालक, सांगली

उत्तर : अर्ज आजच करू दे, कारण तिथं नंबर लागायला वर्षंच्या वर्षं जातात. दरम्यान राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात आणि बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात चित्रं पाठवा. सोसायटी 1888पासूनची आहे. तिथं एखादं चित्र निवडलं गेलं, तरी ते चार जाणत्यांच्या नजरेखालून जातं आणि दालनाचं भाडं तुमच्या अंगावर येत नाही. फ्रेम सांगलीतच करून घ्या, मात्र काच टाळा. एसटीच्या प्रवासात ती हमखास तडकते.