हेलिकॉप्टर आलं की ड्रोन खाली घ्या

प्रश्न : मी लग्नांचं शूटिंग करतो. हरमलच्या किनाऱ्यावर ड्रोन वर असताना डोंगराआडून अचानक हेलिकॉप्टर आलं. घाबरून ‘रिटर्न टू होम’, म्हणजे ड्रोन आपोआप परत बोलावायचं बटण, दाबलं. बरोबर केलं का? पायलटला ड्रोन दिसत नाही का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : माझी सगळी नोकरी नौदलाची हेलिकॉप्टरं उडवण्यात गेली, म्हणून दुसरा प्रश्न आधी घेतो. नाही दिसत. ताशी 200 किलोमीटरने जाणारं हेलिकॉप्टर सेकंदाला 55 मीटर कापतं. समुद्राच्या चकाकीत वीत-दीड वितीचा ड्रोन नजरेत भरेपर्यंत वळायला वेळच उरत नाही. बुडणाऱ्याला वर ओढताना तर नजर दोरावर आणि लाटांवर खिळलेली असते. 2017 मध्ये न्यूयॉर्कजवळ लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला जेमतेम दीड किलोचा ड्रोन धडकला. पात्याला पोचा पडला, ड्रोनची एक मोटर हेलिकॉप्टरात अडकून आली. ड्रोन उडवणारा काही किलोमीटर लांब होता. टक्कर झाल्याचा त्याला पत्ताही नव्हता.

तेव्हा बाजूला व्हायचं ते ड्रोननेच. 2021 च्या ड्रोन नियमांतही तेच आहे.

आता तुमचं बटण. ते पुन्हा दाबू नका. बरेचसे ड्रोन परतण्याआधी ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत वर चढतात, म्हणजे नेमके हेलिकॉप्टरच्या वाटेत! आवाज कानावर आला की, हेलिकॉप्टर दिसायची वाट न पाहता, स्टिक ओढून ड्रोन सरळ खाली घ्या. खाली वऱ्हाडी असतील तर मोकळ्या वाळूवर. हेलिकॉप्टरचं शूटिंग करायचा मोह तर अजिबात नको.

आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. स्क्रीनवरची उंची तुम्ही ड्रोन उडवला त्या जागेपासूनची असते. शापोराच्या किल्ल्यावरून उडवून समुद्रावर नेलात, तर आकड्यात डोंगराची उंची मिळवा. किनाऱ्याने जाणारं हेलिकॉप्टर पाण्यापासून उंची मोजतं.

परवानगीशिवाय उडवायची मर्यादा 400 फूट. विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त 200. त्याहून जवळ परवानगीशिवाय नाहीच. मोपा विमानतळामुळे पेडण्याचा बराच भाग यात येतो, तेव्हा ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा दर वेळी पाहा. लाइफगार्ड पाण्याकडे धावताना दिसले, किंवा मार्च 2023 सारखा म्हादईच्या रानात वणवा लागला, तर ड्रोन बॅगेतच राहू द्या. तिथे हेलिकॉप्टर येणारच.

लग्नाचं शूटिंग हा धंदा आहे, ड्रोन 250 ग्रॅमहून जड असेल तर त्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. नसेल तर पुढचं काम घेण्याआधी काढा.