ऑर्किडला पानाखालून हिरवा कोंब आलाय. फुलांचा दांडा आहे की नुसतंच मूळ?

तुम्ही लिहिलंय की झाड फॅलेनोप्सिस (ऑर्किडचा एक प्रकार) आहे, दोन वर्षं घरात आहे आणि आता डिसेंबरात खालून दुसऱ्या पानाच्या बेचक्यातून अर्ध्या इंचाचा कोंब डोकावतोय. दांडा असण्याची शक्यता चांगली आहे. पण अर्ध्या इंचावर मीही पैज लावणार नाही, कारण एकदा तोंडावर पडले आहे. गॅलरीतल्या कुंडीत एका कोंबाला मी हौसेने काडी लावून, लोकरीने अलगद बांधून, सासूबाईंनाही दाखवून ठेवलं होतं. तीन आठवड्यांनी तो काडी सोडून खाली वळला आणि शेजारच्या कुंडीत घुसला. मूळ होतं.

फॅलेनोप्सिसची खरी नवी वाढ म्हणजे वरचं पान, आणि ते मधोमध गाभ्यातूनच येतं. त्यामुळे बाजूने काही निघालं की बहुतेक वेळा प्रश्न दांडा की मूळ एवढाच उरतो. रंगावर जाऊ नका, सुरुवातीला दोन्ही हिरवी. दिशेवरही फार विसंबू नका, काही मुळं सरळ वर चढतात. टोक बघा. तान्ह्या बाळाने नखांनी ओरबाडून घेऊ नये म्हणून हातमोजा घालतात ना, दांड्याचं टोक तसं दिसतं: जरासं चपटं, एका बाजूला खाच असलेलं, एकावर एक खवले मिटल्यासारखं. मुळाचं टोक पेन्सिलीमागच्या रबरासारखं गोल, गुळगुळीत आणि चकचकीत. कधी त्यावर लालसर झाक असते.

आठ-दहा दिवस थांबलात तर आणखी सोपं. मूळ वाढलं की टोकामागचा भाग चंदेरी-पांढुरका होतो. त्यावर पाणी फवारा, बघता बघता हिरवा पडेल, कारण ती पाणी शोषणारी साल असते. दांडा ओला करा, कोरडा करा, हिरवा तो हिरवाच. शिवाय त्याच्यावर थोड्या थोड्या अंतराने गाठी आणि गाठीवर छोटा त्रिकोणी पापुद्रा दिसायला लागतो. मुळाला गाठ नसते.

डेंड्रोबियम या दुसऱ्या प्रकारच्या ऑर्किडचं गणित वेगळं. नर्सरीत सहसा मिळतं त्याची नवी काठी (म्हणजे उभं जाड खोड) बुडातून येते आणि फुलांचा दांडा काठीच्या शेंड्याजवळून. बुडातून काही आलं तर खुशाल आनंद माना, पण फुलांचा नाही. मधल्या गाठीतून कोंब येऊन त्याला पानं फुटली आणि खाली बारीक मुळं दिसली, तर ते पिल्लू, म्हणजे नवं रोप. आणि हो, पानं गळलेल्या जुन्या काठ्या वाळल्या समजून कापू नका, त्यांच्यावरही फुलं येतात. ऑन्सिडियम या आणखी एका ऑर्किडमध्ये कोंब पंख्यासारखा उघडू लागला की नवी फूट. दांडा कंद (बुडाशी फुगलेलं खोड) आणि पानाच्या मधल्या फटीतून निघतो आणि बारीकच राहतो.

पुण्यात हा प्रश्न नेमका थंडीत पडतो, त्यालाही कारण आहे. फॅलेनोप्सिसला काही आठवडे गारवा मिळाला की दांडा धरतो, आणि आपल्याकडे दिवाळीनंतर तो फुकट मिळतो. मात्र पहाटे पारा १२ अंशांच्या आसपास उतरायला लागला की मी कुंडी गॅलरीतून आत, पूर्वेच्या खिडकीशी आणते. एसीची गरज नाही, उगाच वीजबिल.

तेव्हा आता कोंबाला बोट लावू नका, टोक काकडीसारखं कट्कन मोडतं. दांडाच निघाला तर कुंडी फिरवायची नाही, तो उजेडाकडे वळतो आणि सारखी फिरवली की नागमोडी होतो. दांडा वीतभर वाढल्यावर काडी लावा. फुलायला दोन-तीन महिने जातील. मूळ निघालं तर काडी परत ड्रॉवरमध्ये. झाडाची तब्येत तरी उत्तम आहे.