बजेट कमी असेल तर झिरो टर्नमध्ये पैसे नेमके कुठे घालायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की दीड एकराच्या आसपास गवत आहे, मधे मधे झाडं आहेत, एका बाजूला उतार आहे, इतकी वर्षं साध्या लॉन ट्रॅक्टरवर भागवलं आणि आता झिरो टर्न (बसून चालवायचा, दोन लिव्हरनी जागच्या जागी वळणारा गवत कापायचा मोवर) घ्यायचाय, पण पैसे मोजकेच आहेत. समोर दोन पर्याय आहेत, एक नवा कोरा ५४ इंची डेकचा (डेक म्हणजे ब्लेडवरचं पत्र्याचं घर, इंच म्हणजे त्याची कापायची रुंदी) २५ एचपीचा घरगुती मॉडेल, आणि दुसरा त्याच पैशात मिळणारा वापरलेला कमर्शियल, म्हणजे धंद्यासाठी बनवलेला. यातला टिकेल कोणता, बरोबर ना?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मोवरमधले काही भाग नंतर बदलता येतात आणि काही बदलायला गेलात तर नवीन मशीन घेतलेलं बरं असं होतं. सीट, टायर, बेल्ट, ब्लेड, बॅटरी हे तर सोडाच, वेळ आली तर इंजिनसुद्धा चार बोल्ट काढून दुसरं बसवता येतं, शाफ्टचा व्यास जुळला (बहुतेक १ इंच किंवा सव्वा इंचाला थोडा कमी म्हणजे १ १/८ इंच) की निम्मं काम झालं. पण दोन्ही बाजूंचे हायड्रो ट्रान्सॲक्सल (इंजिनची ताकद तेलाच्या दाबाने मागच्या चाकांपर्यंत नेणारे युनिट), डेकचा पत्रा आणि चेसी (सांगाडा), हे तीन घेताना जसे आले तसेच राहतात. म्हणून बजेट कमी असताना पैसा या तिघांत गेला पाहिजे, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापतात ते मात्र नेमकं एचपी आणि डेकची रुंदी, म्हणजे ज्यावर सगळ्यात कमी अडतं ते.

रुंदीचा हिशोब करून बघा. दीड एकर म्हणजे साधारण ६,००० चौरस मीटर. ४८ इंची डेक म्हणजे १.२२ मीटर, पट्टे एकमेकांवर थोडे चढवावेच लागतात म्हणून हाताला येतात १.१ मीटर, वेग ताशी ८ किलोमीटर धरला तर तासाला ८,८०० चौरस मीटर, त्यातून वळणं आणि झाडांभोवतीच्या फेऱ्यांचे ३० टक्के कापा, उरतात सहा हजारच्या वर. म्हणजे एक तास. ५४ इंचाने तेच काम पन्नास-बावन्न मिनिटांत होईल. या आठ-दहा मिनिटांसाठी जड डेक, जास्त भार, आणि जमीन उंचसखल असेल तर गवत मुळापर्यंत खरवडलं जाण्याची जास्त शक्यता. तुमच्याकडे झाडं आहेत म्हणताय तर ४८ पुरे, मधली अंतरं अगदी कमी असतील तर ४२ सुद्धा चालेल, आणि एकाच किमतीत रुंद डेक देणाऱ्या कंपनीने पैसे कुठून तरी वाचवलेत हे लक्षात घ्या, तो वाचवलेला पैसा बहुतेक वेळा पत्र्यातून नाहीतर ट्रान्सॲक्सलमधून आलेला असतो.

आणि याच हिशोबातून दुसरी कामाची गोष्ट निघते. हंगामात तीस वेळा कापलंत तर वर्षाला ३० तास, दहा वर्षांत ३००. धंद्यात मशीन चालवणारा माणूस एवढे तास एका हंगामातच टाकतो. म्हणजे तुम्हाला हजारो तास टिकणारं मशीन लागतच नाही, तुम्हाला लागतं ते असं की ३००-४०० तास विनातक्रार जातील आणि उतारावर दम तुटणार नाही. टिकाऊपणा वर्षांत मोजू नका, तासांत मोजा.

आता ट्रान्सॲक्सल. हायड्रो-गिअर कंपनीचे युनिट बहुतेक ब्रँडमध्ये मिळतील, त्यामुळे वरचा रंग कोणताही असो, खालचा नंबर वाचायचा. ईझेडटी हे सगळ्यात हलकं, सपाट जमिनीवर घरगुती वापरासाठी बनवलेलं, त्याला बाहेरून फिल्टर नाही, तेल बदलायचं तर अख्खं युनिट खाली उतरवून उलटं करावं लागतं, आणि कोणी करत नाही. त्याच्या वरचे झेडटी-२८००, ३१००, ३४०० यांना फिरवून काढायचा फिल्टर असतो, तेल (२०डब्ल्यू-५०) घरच्या घरी बदलता येतं, पहिलं साधारण ७५ ते १०० तासांनी आणि मग चारशेच्या आसपास तासांनी. हे एवढं महत्त्वाचं का, तर हायड्रोचा शत्रू उष्णता. आत पिस्टन आणि तेल यांच्या जोरावर चाक फिरतं, उतारावर भार वाढला की तेल तापतं, तापलं की पातळ होतं, पातळ झालं की आतल्या आतच निसटायला लागतं आणि चाकापर्यंत ताकद पोचत नाही, मग अजून तापतं. जुनं घाण तेल असेल तर हे चक्र लवकर सुरू होतं. तुमच्याकडे उतार आहे ना, मग ईझेडटीवर जाऊ नका, बाकी कुठे काटकसर करायची ती करा पण इथे नको. ज्यांची जागा सपाट आणि एकराच्या आत आहे त्यांनी खुशाल घ्यावं, त्यांना ते वर्षानुवर्षं पुरेल.

अजून एक, मागचे टायर मोठे बसवले की छान दिसतं पण ट्रान्सॲक्सलवर भार वाढतो, कंपनीने दिलेल्या मापातच राहा. आणि मशीन ढकलायचं झालं तर बायपास लिव्हर (चाकं हायड्रोपासून मोकळी करणारी) ओढून हळूहळू ढकला, दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेऊ नका.

डेकबद्दल लोक दोनच शब्द ऐकतात, स्टँप्ड आणि फॅब्रिकेटेड. स्टँप्ड म्हणजे एकच पत्रा साच्यात दाबून आकार दिलेला, फॅब्रिकेटेड म्हणजे जाड पत्र्याचे तुकडे कापून वेल्डिंग केलेले. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड हे लक्षात ठेवा, १३ गेज म्हणजे जेमतेम २.३ मिलिमीटर, ११ गेज ३ मिलिमीटर, १० गेज ३.४, आणि ७ गेज साडेचारच्या वर. नुसतं फॅब्रिकेटेड लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, गेज विचारा, आणि ब्लेडचे स्पिंडल (ब्लेड ज्यावर फिरतं तो दांडा) जिथे बसतात तिथे पत्रा दुहेरी आहे का ते खाली वाकून बघा, कारण मुळाला किंवा दगडाला ब्लेड आपटलं की सगळा धक्का तिथेच जातो. चांगला स्टँप्ड डेक कापतो मात्र सुरेख, गोलाईमुळे हवा नीट फिरते, आणि दरवेळी खालचं ओलं गवत खरवडून काढणाऱ्याच्या हातात तो टिकतोही. पण खडक, मुळं असलेल्या जागेत मी १० किंवा ११ गेजच्या खाली जाणार नाही. स्पिंडलचं घर ॲल्युमिनियमचं की बिडाचं यावर फार वाद घालू नका, ते बदलता येतं, ग्रीस भरायला निपल आहे का आणि ग्रीसगन तिथे पोचते का एवढं बघा.

इंजिनवर थोडक्यात. दोन सिलिंडरचं व्ही-ट्विन घ्या, प्रेशर लुब्रिकेशन (पंपाने दाबून तेल पोचवणारं) आणि ऑइल फिल्टर असलेलं. कावासाकीचं एफआर घरगुती वर्गातलं, एफएस कमर्शियल, एफएक्स त्याहून दणकट आणि त्याला मोठा डबा असलेला एअर फिल्टर. कोहलरमध्ये ७००० सिरीज घरगुती, कमांड प्रो वरची. तुमच्या ३०० तासांच्या हिशोबात एफआर किंवा ७००० मजेत चालेल, ४८ इंचाला २२-२३ एचपी भरपूर झाले. इंजिनपायी हजारो जास्त मोजून ट्रान्सॲक्सल हलकं पदरात पाडून घेऊ नका. बॅटरीवरचे झिरो टर्नही आलेत, त्यात हायड्रो नाही, तेल नाही, कटकट कमी, पण पुढे बॅटरी बदलायचा खर्च आत्ताच विचारून ठेवा, मोजक्या बजेटमध्ये तोच मोठा प्रश्न.

आता तुमच्या दुसऱ्या पर्यायावर येतो, वापरलेला कमर्शियल. माझा कल इकडेच आहे, पण नीट तपासला तर. पाच-सातशे तास झालेलं, सर्व्हिसचा हिशोब ठेवलेलं मशीन तुमच्या वापरात अजून सहज दहा-बारा वर्षं काढेल. बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर इंजिनला हात लावून बघा, गरम लागलं तर तिथेच विचारा का म्हणून, थंड इंजिन कसं चालू होतं आणि पहिला धूर कोणत्या रंगाचा येतो हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. निळा धूर क्षणभर येऊन गेला तर ठीक, येतच राहिला तर इंजिन तेल खातंय.

मग खरी परीक्षा. ब्लेड चालू करून वीस मिनिटं सलग गवत कापा, नुसतं फिरवून आणू नका. थंड असताना सगळेच हायड्रो चांगले वाटतात. चांगलं तापलं की हलक्या चढावर नेऊन रिव्हर्समध्ये वर चढवा, सावकाश, आणि दोन्ही चाकांकडे कान ठेवा. एक बाजू मागे पडत असेल, किंवा सुरुवातीला नसलेला किणकिण्या आवाज आता येत असेल तर ते युनिट आतून झिजलंय. दोन्ही लिव्हर पूर्ण पुढे केल्यावर मशीन एका बाजूला ओढतं का तेही बघा. पहिल्यापासून सारखंच ओढत असेल तर ॲडजस्ट करून जातं, पण तापेल तसं वाढत गेलं तर ते ॲडजस्टमेंटचं काम नाही. खाली वाकून ट्रान्सॲक्सल किंवा पंपावरचे प्लास्टिकचे छोटे पंखे बघा, पाती तुटलेली असतील किंवा वर गवताचा थर बसलेला असेल तर ते बरेच दिवस तापत चाललेलं आहे.

डेक तपासायच्या आधी चावी काढा, प्लगच्या कॅप काढा, मशीन घट्ट टेकवा, हातमोजे घाला. ब्लेड दोन्ही टोकांना धरून वर-खाली हलवा, जरा जरी खडखडलं तर बेअरिंग गेलंय, मग हाताने फिरवा, आत वाळू असल्यासारखं लागतं का बघा. हे बदलता येतं, म्हणून सोडून देऊ नका पण किंमत पाडायला वापरा. ज्यावर तडजोड नाही ते म्हणजे डेक लटकवलेल्या कड्यांजवळचे आणि पुढच्या चाकाच्या दांडीजवळचे वेल्डिंग, तिथे बारीक चीर, किंवा चिरेवर पुन्हा वेल्डिंग. डेकच्या खालच्या बाजूला ताजा रंग मारलेला दिसला तर काहीतरी पाणी मुरतंय, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, गंजून पातळ झालेला पत्रा आवाजातच कळतो. अवर मीटर ३०० तास दाखवतोय आणि पाय ठेवायच्या जागेचा रंग गेलाय, लिव्हरचं रबर गुळगुळीत, पुढचे टायर बोडके, तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

एवढं तपासायची तयारी नसेल, किंवा जवळ कोणी जाणकार नसेल, तर नवा घेतलेला बरा, पण ५४ इंची नाही. त्याच पैशात ४८ इंची, फिल्टरवाला ट्रान्सॲक्सल आणि जाड डेक असलेला घ्या, एचपी दोन-तीनने कमी आले तरी चालतील. पैसे भरायच्या आधी वॉरंटीचा कागद पूर्ण वाचा, 'अमुक वर्षं किंवा अमुक तास, जे आधी होईल ते' हे वाक्य कुठे आहे ते शोधा, डेकच्या पत्र्याची मोठी वॉरंटी वेगळी आणि बाकी मशीनची वेगळी असते. दुरुस्ती कोण करणार हे विक्री करणाऱ्याला नाही, सर्व्हिस करणाऱ्याला फोन करून विचारा, स्पिंडल आणि डेकचा बेल्ट शेल्फवर असतो की मागवावा लागतो तेही विचारा. ऐन हंगामात तीन आठवडे बेल्टची वाट बघणं फार त्रासाचं होतं. शक्य असेल तर हंगाम संपताना खरेदी करा, तेव्हा घासाघीस करायला वाव मिळतो.

उताराचं मात्र मनावर घ्या. झिरो टर्नची पुढची चाकं मोकळी फिरणारी असतात, वळणं आणि थांबणं दोन्ही मागच्या चाकांवर, ती घसरली की हातात काहीच उरत नाही. बहुतेक मॅन्युअलमध्ये १५ अंशांची मर्यादा दिलेली असते, काहींत १० ची. मोजायला दोन मीटरची सरळ पट्टी घ्या, एक टोक उतारावर टेकवा, लेव्हल लावून पट्टी आडवी धरा आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंत अंतर मोजा, ५३ सेंटिमीटर भरलं तर ते १५ अंश, ३५ म्हणजे १०. त्याच्या वर असेल तर तो तुकडा या मशीनने कापूच नका, ओलं असताना तर त्याच्या खालीही नको. रोलबार (मशीन उलटलं तर चालवणाऱ्याला वाचवणारी मागची कमान) असलेलं मशीन घ्या, तो उभा असताना पट्टा बांधलेलाच पाहिजे आणि बार आडवा केला असेल तर पट्टा बांधायचा नाही.

हा उतार असा मोजून आकडा सांगा, आणि मशीन जिथून आत-बाहेर जाणार त्या फाटकाची रुंदीही, कारण ४८ इंची डेकला बाजूचा गवत फेकणारा झाकणाचा भाग धरून आणखी जवळजवळ फूटभर जागा लागते. वापरलेल्या मशीनचा ट्रान्सॲक्सलवरचा नंबर वाचता आला तर तोही द्या, मग नेमकं सांगता येईल.